इव्हेंटचं काम वेळेत होतं, होकार वेळेत येत नाही: कॉर्पोरेट इव्हेंटवाल्यांचं वेळेचं गणित

निळी_शाई

कॉर्पोरेट इव्हेंटच्या नियोजनात बरीच वर्षं आहे. वार्षिक परिषदा, डीलर मीट, प्रॉडक्ट लाँच, कंपन्यांच्या अंतर्गत सभा, सगळं करून झालंय. वेळेच्या नियोजनावर जे वाचायला मिळतं ते आमच्या कामाला नीट लागू पडत नाही असं कायम वाटायचं. त्याचं कारण आता माझ्यापुरतं स्पष्ट झालंय, म्हणून हा धागा काढतेय.

बहुतेक सल्ले असं धरून चालतात की काम तुमचं आहे आणि वेळही तुमचाच आहे. यादी करा, महत्त्वाचं आधी उरका, फोन बाजूला ठेवा. आमच्याकडे तारीख ठरलेली असते, निमंत्रणं गेलेली असतात, ती काही केल्या हलत नाही. आणि त्या तारखेपर्यंतची निम्म्याहून जास्त कामं दुसऱ्या कुणाच्या तरी होकारासाठी अडून असतात. मी कितीही शिस्तीत वागले तरी समोरच्याचा होकार त्यामुळे लवकर येत नाही.

स्टेजमागचा बॅकड्रॉप घ्या. आर्टवर्कला अर्धा दिवस, छपाईला एक रात्र, फ्रेमवर ताणून बसवायला दोन-तीन तास. हाताने करायचं काम दोन दिवसांच्या आतलं. तरी हाच बॅकड्रॉप तीन-तीन आठवडे खातो. मार्केटिंगने रंग बघायचे, ब्रँड टीमने लोगोभोवतीची मोकळी जागा मोजायची, लीगलने टॅगलाइन वाचायची. मग ते वरिष्ठांच्या ऑफिसात जातं, तिथून 'कार्यक्रमाचं नाव जरा मोठं करा' एवढंच उत्तर येतं, आणि नाव मोठं केलं की लोगोभोवतीची जागा बदलते, म्हणून पुन्हा ब्रँड टीम. यात कुणीच चुकत नसतं. प्रत्येक जण आपापलं काम चोख करत असतो. पण या सगळ्या फेऱ्यांचा वेळ कुठल्याच शेड्यूलमध्ये लिहिलेला नसतो. शेड्यूलमध्ये फक्त 'बॅकड्रॉप: दोन दिवस' असतं.

म्हणून मी आता कामांच्या यादीखेरीज निर्णयांची वेगळी शीट ठेवते. निर्णय कोणता, कुणाचा, शेवटची तारीख कोणती, आणि त्या तारखेपर्यंत उत्तर आलं नाही तर काय होईल. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. 'मंगळवारी संध्याकाळपर्यंत कळवलं नाहीत तर आर्टवर्क क्रमांक दोन छपाईला जाईल' हे क्लायंटने किक-ऑफ मीटिंगमध्येच मान्य केलेलं असतं, त्यामुळे मंगळवारी कुणाशी वाद घालावा लागत नाही.

शेवटची तारीख मी क्लायंटला विचारून ठरवत नाही. ती वेंडरला विचारून ठरते. छपाईवाल्याला फाइल कधी हवी, त्याच्या आदल्या दिवशी आमची तपासणी, त्याच्या आदल्या दिवशी होकार. तो दिवस सुट्टीचा निघाला तर आणखी मागे.

तुम्ही हे कसं सांभाळता? क्लायंटच्या बाजूने काम करणारं कुणी असेल तर त्यांनी नक्की लिहावं, ती बाजू आम्हाला फारशी दिसत नाही.

कातरवेळ

फार गरजेचा धागा. 'होकाराला लागणारा वेळ' हे कुणीतरी असं मांडायला हवंच होतं.

मी मुळात बांधकाम प्रकल्पांच्या नियोजनातून या क्षेत्रात आलो, त्यामुळे एक भर घालतो. शेवटाकडून मागे मोजत येणं बहुतेक जण करतात, पण सगळ्या कामांना सारखंच वजन देतात. १९५७ च्या सुमारास ड्यूपाँ कंपनीत रासायनिक कारखान्यांच्या कामांसाठी क्रिटिकल पाथ पद्धत आकाराला आली, तिचं म्हणणं साधं आहे. शेकडो कामं असली तरी एकामागोमाग एक अडकलेली एकच सगळ्यात लांब साखळी शेवटची तारीख ठरवते. त्या साखळीतलं एक काम एक दिवस लांबलं की प्रकल्प एक दिवस लांबतो. बाकीच्यांना थोडी मोकळीक असते, तिला फ्लोट म्हणतात.

आपल्याकडे ती साखळी साधारण अशी निघते: व्हेन्यू पक्कं, मग हॉलचं मोजमाप, मग बैठक व्यवस्था, मग स्टेजचं ड्रॉइंग, मग फॅब्रिकेशन (स्टेज प्रत्यक्ष बनवणं), मग लोड-इन (सगळं सामान हॉलमध्ये आणणं). पाहुण्यांना द्यायच्या बॅगेचा रंग या साखळीत कुठेच नाही, आणि तरी क्लायंटच्या मीटिंगमध्ये पाऊण तास त्यावर जातो, कारण त्यावर सगळ्यांना मत देता येतं. स्टेजच्या ड्रॉइंगवर मत देता येत नाही, म्हणून ते 'पुढच्या वेळी पाहू' म्हणून राहतं.

मी आठवड्याच्या सुरुवातीला टीमला एकच प्रश्न विचारतो: आज कुठलं काम एक दिवस सरकलं तर शो अडचणीत येईल? ज्याचं नाव येतं तो फोन सकाळी पहिला करायचा. बाकी सगळं त्यानंतर.

आणखी एक. शेवटची तारीख वेंडरला विचारून ठरवता हे योग्यच, पण विचारताना दोन तारखा विचारा. 'नेहमी कधी हवं' आणि 'अगदीच अडलं तर कधीपर्यंत चालेल'. दुसरी तारीख स्वतःजवळ ठेवायची, कुणाला सांगायची नाही.

चाकोरी

मी कंपनीच्या बाजूने बसते. कॉर्पोरेट कम्युनिकेशन विभागात आहे आणि दर वर्षी दोन-तीन मोठे कार्यक्रम बाहेरच्या एजन्सीकडून करून घेते. निळी_शाई, तुम्ही विचारलंत म्हणून मोकळेपणाने लिहिते.

उत्तर उशिरा येतं ते बहुतेक वेळा आळसाने येत नाही. माझ्याकडे एजन्सीची मेल येते: 'सोबत सहा आर्टवर्क, बैठक व्यवस्थेचे तीन पर्याय, अँकरच्या चार प्रोफाइल जोडल्या आहेत, कृपया अभिप्राय कळवावा.' आता यातलं आर्टवर्क एका वरिष्ठांकडे, बैठक व्यवस्था दुसऱ्यांकडे, अँकर तिसऱ्यांकडे. ती मेल मी जशीच्या तशी कुणालाच पाठवू शकत नाही. मला ती फोडावी लागते, प्रत्येकाला संदर्भ लिहावा लागतो, आणि हे सगळं माझ्या रोजच्या कामाच्या मधे. म्हणून ती दुपारवर जाते, मग उद्यावर.

तेच जर एका मेलमध्ये एकच निर्णय आला, दोनच पर्याय आले, तुमचा कल कुठे आहे ते आलं आणि 'अमुक वेळेपर्यंत का हवं' हे एका ओळीत आलं, तर मी ती मेल वाचता वाचता पुढे पाठवते. विषयाच्या ओळीत निर्णयाचं नाव आणि तारीख असली तर आमचे वरिष्ठ ती फोनवरसुद्धा उघडतात.

दुसरी गोष्ट, आणि हिने सगळ्यात जास्त वेळ जातो: परचेस ऑर्डर. नवीन वेंडर असेल तर आधी नोंदणी, मग कागदपत्रांची तपासणी, मग बजेट कोड, मग मंजुरी, मग ऑर्डर. ती हातात नसताना ॲडव्हान्स सुटत नाही, आणि ॲडव्हान्सशिवाय तुमचे वेंडर हलत नाहीत. एजन्सीवाले पहिल्या मीटिंगला थीमचं सुंदर सादरीकरण करतात, पण 'तुमची मंजुरी किती टेबलांवरून फिरते आणि पेमेंट कुठल्या दिवशी सुटतं' हे क्वचितच कुणी विचारतं. ते विचारा. ज्यांनी विचारलं त्यांच्याबरोबरचे कार्यक्रम मला शांतपणे पार पाडता आले आहेत.

निळी_शाई

चाकोरी, हे सोनं आहे. परचेस ऑर्डरचा टप्पा माझ्या निर्णयांच्या शीटमध्ये सगळ्यात वर घालतेय.

तुम्ही म्हणता तशा मेलचा एक नमुना देते, कुणाला वापरायचा असेल तर:

विषय: निर्णय हवा, बुधवार सायंकाळी ५ पर्यंत: हॉलची बैठक व्यवस्था

पर्याय अ: थिएटर पद्धत, सगळे पाहुणे मावतात, लिहायला टेबल नाही.
पर्याय ब: गोल टेबलं, गटचर्चा सोयीची, पण मागच्या तीन रांगांना स्क्रीन नीट दिसणार नाही म्हणून बाजूला दोन जादा स्क्रीन लागतील.
आमचा कल: ब, कारण दुपारचं सत्र गटचर्चेचंच आहे.
बुधवार का: गुरुवारी सकाळी स्टेजचं ड्रॉइंग फॅब्रिकेशनला जातं.
बुधवारपर्यंत कळवलं नाहीत तर: पर्याय ब धरून पुढे जाऊ.

एवढंच. खाली सही आणि फोन नंबर. यात एकही फाइल जोडलेली नसते, दोन्ही पर्यायांचं चित्र मेलमध्येच दिसतं.

विंगेतून

मी शो कॉलर आहे, म्हणजे शो चालू असताना कुणी कधी काय करायचं ते हेडसेटवरून सांगणारा. तुमचं सगळं नियोजन शेवटी ज्या दिवशी माझ्या हेडसेटवर येतं त्या दिवसाबद्दल लिहितो.

सेटअपच्या दिवशीचा वेळ फुकट जातो तो बहुतेकदा एकाच कारणाने. कुणाला किती तास लागतात ते लिहिलेलं असतं, पण कुणाला हॉल कसा हवा ते लिहिलेलं नसतं. रिगिंगवाल्यांना मोकळी जमीन हवी, कारण ट्रस (दिवे टांगायची धातूची चौकट) वर जात असताना खाली माणूस उभा राहून चालत नाही. लाइटवाल्यांना फोकस करायला काळोख हवा. साउंडवाल्यांना शांतता हवी. सुतारांना उजेड हवा आणि आवाज करायची मुभा हवी. कार्पेटवाल्यांना सगळे बाहेर गेलेले हवेत. आता शेड्यूलमध्ये 'दुपारी २ ते ६: लाइट, साउंड, ब्रँडिंग' असं एका ओळीत लिहिलं की चार तासांत तिघंही एकमेकांची वाट बघत बसतात आणि रात्री अकराला रिहर्सल सुरू होते, जेव्हा बोलणारे वरिष्ठ कधीच घरी गेलेले असतात.

माझी शीट म्हणूनच तासांबरोबर हॉलची अवस्था सांगते: रिकामा, उजेड, काळोख, शांत. काळोखाच्या तासात सुतारांना जेवायला पाठवायचं. शांततेचा तास व्हेन्यूच्या माणसालाही कळवायचा, म्हणजे शेजारच्या हॉलमध्ये खुर्च्या ओढल्या जात नाहीत.

आणि रिहर्सलचा वेळ सगळ्यात आधी कापला जातो, कारण तो सगळ्यात शेवटी असतो. त्याला निळी_शाईंचाच उपाय लागू करा. रिहर्सल अमुक वाजता, त्या वेळी जे तयार असेल त्यावर होईल, जे नसेल ते सकाळी. रिहर्सल सरकवायची नाही.

प्रत्यक्ष शोची क्यू शीट कशी दिसते ते नवीन लोकांसाठी, पहिली काही मिनिटं:

०९:२० दारं उघडणार. हॉलचे दिवे पूर्ण, स्क्रीनवर स्वागताची लूप, संगीत मंद.
०९:५५ आसनस्थ व्हायची सूचना, रेकॉर्ड केलेला आवाज.
०९:५८ अँकर डाव्या विंगेत, माइक मागेच चालू करून तपासलेला.
१०:०० दिवे ३० टक्के, ओपनिंग फिल्म, २ मिनिटं १० सेकंद.
१०:०२:१० फिल्म संपली, दोन सेकंद काळोख, मग अँकरवर स्पॉट.

'१० ते १०.१५ उद्घाटन' असं लिहिलेल्या कागदावर शो चालवता येत नाही. तो कागद पाहुण्यांसाठी असतो.

आभाळमाया२

वाचनखूण साठवली आहे. मी या क्षेत्रात नवीन आहे, आत्ता कुठे स्वतंत्रपणे कार्यक्रम मिळायला लागलेत. दोन प्रश्न.

विंगेतून, वक्ते वेळ पाळत नाहीत तेव्हा काय करता? कंपनीच्या मोठ्या अधिकाऱ्याला 'आता थांबा' कोण सांगणार?

आणि सगळ्यांनाच: एका वेळी तीन कार्यक्रम वेगवेगळ्या टप्प्यांवर असतील तर दिवस कसा वाटता? मी सकाळी एकाचं उघडते आणि दुपारपर्यंत दुसऱ्याचेच फोन घेत बसलेली असते.

विंगेतून

आभाळमाया२, अधिकाऱ्याला कुणीच थांबवत नाही, आणि थांबवायची वेळ येऊ द्यायची नाही. स्टेजच्या खाली वक्त्याकडे तोंड करून मॉनिटर असतो, त्यावर उलट मोजणारं घड्याळ ठेवायचं. शेवटची दोन मिनिटं आकडे पिवळे, शून्यानंतर लाल. रिहर्सलला त्यांच्या सेक्रेटरीला ते दाखवून ठेवायचं. बहुतेक वक्ते घड्याळ दिसलं की आपणहून आवरतात. लोक लांबतात ते घड्याळ दिसत नसतं म्हणून.

तरी लांबणारच. सहा वक्ते प्रत्येकी चार मिनिटं लांबले की २४ मिनिटं गेली, म्हणजे एक अख्खं सत्र. ती कुठून काढायची हे आदल्या रात्री ठरलेलं हवं. मी क्लायंटबरोबर बसून कापायची यादी क्रमाने लिहून घेतो. १० मिनिटं उशीर असेल तर दुसरी फिल्म जाणार, २० असेल तर प्रश्नोत्तरं एका प्रश्नावर, ३० असेल तर पॅनेलमधली शेवटची फेरी नाही. त्यावर क्लायंटची सही असते. शो चालू असताना हेडसेटवर मी फक्त 'यादीतलं पहिलं काढतोय' म्हणतो.

ब्रेक मात्र त्या यादीत कधीच नसतो. ब्रेक कापला तरी माणसं तेवढाच वेळ घेतात, फक्त हॉलमध्ये उशिरा येतात, आणि पुढचा वक्ता अर्ध्या रिकाम्या हॉलसमोर उभा राहतो.

कातरवेळ

तीन कार्यक्रमांबद्दल. दिवसाचे तुकडे कार्यक्रमांप्रमाणे करू नका, कामाच्या जातीप्रमाणे करा. सगळ्या कार्यक्रमांचे वेंडरचे फोन एका सलग तासात. सगळ्या क्लायंटच्या निर्णयांच्या मेल एकाच वेळी, शक्यतो सकाळी, म्हणजे त्यांना उत्तर द्यायला दिवस मिळतो. ड्रॉइंग, बजेट आणि क्यू शीट ही डोकं लावायची कामं दुपारच्या एखाद्या बंद दाराच्या तासात. एकाच वेंडरकडून दोन कार्यक्रमांना माल येत असेल तर एका फोनमध्ये दोन्ही होतं, आणि त्याच्याकडच्या तारखा एकमेकींवर आदळत असतील तर तेही त्याच फोनमध्ये कळतं.

नवीन काम घेताना फक्त शोची तारीख बघू नका. तुमच्या तीन कार्यक्रमांचे कठीण आठवडे कुठे येतात ते बघा. प्रत्येक कार्यक्रमात माझ्या अनुभवाने दोन कठीण काळ असतात: ड्रॉइंग आणि बजेट पक्कं होतं तो, आणि शोच्या आधीचा आठवडा. एकाचा शो आणि दुसऱ्याचं बजेट एकाच आठवड्यात आलं तर तुम्ही हॉलमध्ये उभं राहून दुसऱ्या क्लायंटशी आकड्यांवर बोलत असता, आणि दोन्हीकडे अर्ध्याच असता. शोच्या तारखा महिनाभर लांब असल्या तरी हे होऊ शकतं.

२५ मिनिटं काम आणि मग छोटी विश्रांती ही पोमोडोरो पद्धत मी नियोजनाच्या काळात वापरतो, चांगली आहे. शोच्या आठवड्यात ती चालवायचा हट्ट करू नये. तेव्हा तुम्ही उपलब्ध असणं हेच तुमचं काम असतं.

रेघोटी

थोडा वेगळा मुद्दा. बफरबद्दल, म्हणजे उशीर होईल असं धरून ठेवलेल्या जादा वेळेबद्दल, कुणी लिहिलं नाही आणि मला वाटतं सगळ्यात जास्त मतभेद त्यावरच आहेत.

डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये ज्याला प्लॅनिंग फॅलसी म्हटलं, ती आपल्या कामात रोज दिसते. आपलं काम किती वेळात होईल याचा अंदाज माणूस 'सगळं सुरळीत झालं तर' असा करतो, आणि मागची तशीच कामं किती लांबली होती हे माहीत असूनही करतो. म्हणून बफर हवाच. प्रश्न तो ठेवायचा कुठे.

बहुतेक जण प्रत्येक कामात थोडा थोडा लपवतात. डिझायनरला दोन दिवस आधीची तारीख, छपाईवाल्याला एक दिवस आधीची. पार्किन्सन या ब्रिटिश लेखकाने १९५५ मध्ये लिहिलं होतं की काम उपलब्ध वेळ भरून काढेल इतकं पसरतं. लपवलेला बफर असाच विरघळतो. वरून सगळ्यांना कळतं की तुमच्या तारखा खऱ्या नसतात, आणि मग खरी तारीखही कुणी खरी मानत नाही.

मी सगळा बफर एका जागी, शोच्या आधी उघडपणे ठेवते. शेड्यूलमध्ये त्याचं नावच 'राखीव' आणि तो वापरायचा अधिकार एकाच माणसाला. कुणी राखीव वेळ मागितला की कारण लिहावं लागतं. कातरवेळ यांची 'दुसरी तारीख कुणाला सांगायची नाही' ही पद्धत मला म्हणूनच पटत नाही.

कातरवेळ

रेघोटी, तुमच्या मुद्द्यात दम आहे, विशेषतः तारखांवरचा विश्वास उडतो हा. तरी मी माझ्या म्हणण्यावर आहे, एका कारणाने. उघड राखीव वेळ तुमच्या टीमपुरता ठीक. क्लायंटला दिसला की तो त्याच्या होकारांसाठी वापरला जातो. 'तुमच्याकडे दोन दिवस राखीव आहेत ना, मग शुक्रवारी देतो.' आणि मग ट्रक अडकला किंवा एलईडीचं पॅनेल बिघडलं तर हातात काहीच नसतं.

चाकोरी

क्लायंटच्या बाजूने सांगते, कातरवेळ बरोबर आहेत. आम्हाला दिसला तर आम्ही वापरू. मुद्दाम नाही, पण आमच्यावरही वरून दबाव असतो आणि जिथे जागा दिसते तिथे तो सरकतो.

पण मला खोटी तारीखही नको. त्यापेक्षा मला खरी तारीख आणि तिच्यापुढचा परिणाम सांगा. 'शुक्रवारी दिलंत तर छपाई होईल, पण चूक निघाली तर दुसरी छपाई होणार नाही.' हे ऐकल्यावर मी माझ्या वरिष्ठांकडे जाऊन बसू शकते. राखीव दिवसांचा आकडा मला माहीत असण्याची गरजच नाही.

दारावरचा

सगळे स्टेजबद्दल बोलताय. मी रजिस्ट्रेशन सांभाळतो, आणि शो उशिरा सुरू होतो तो बहुतेकदा माझ्या टेबलांवरून. म्हणून साधा हिशोब लिहितो, हा कागदावर आधीच करता येतो.

समजा ४०० पाहुणे, चार टेबलं, यादीत नाव शोधून बॅज लिहून द्यायला एका माणसामागे ४० सेकंद. चारशे गुणिले चाळीस, भागिले चार, म्हणजे ४००० सेकंद, जवळजवळ ६७ मिनिटं. दारं ९.२० ला उघडून शो १० ला सुरू करायचा तर हे बसतच नाही. शिवाय पाहुणे ९.२० पासून एकसारखे येत नाहीत, मोठा लोंढा शेवटच्या अर्ध्या तासात येतो. अर्ध्या तासात एक टेबल १८०० भागिले ४०, म्हणजे ४५ माणसं काढतं. सगळे त्याच अर्ध्या तासात आले तर नऊ टेबलं हवीत.

आता बॅज आधीच छापलेले असतील, पाहुण्याच्या फोनवर क्यूआर कोड असेल आणि एका माणसाला १५ सेकंद लागत असतील, तर एक टेबल अर्ध्या तासात १२० माणसं काढतं. चार टेबलांत काम होतं आणि थोडी जागाही उरते. ज्यांचं नाव यादीत नाही, ज्यांच्या नावाचं स्पेलिंग चुकलंय, ज्यांनी ऐनवेळी दुसऱ्याला पाठवलंय, त्यांच्यासाठी पाचवं टेबल वेगळं आणि जरा लांब. असा एक पाहुणा रांगेत तीन मिनिटं थांबला की त्याच्यामागचे बारा जण थांबतात.

हाच हिशोब ब्रेकला, लिफ्टला आणि बसला लावा. हॉलचं एकच दार उघडं असेल आणि ३०० माणसांना बाहेर जाऊन परत यायचं असेल, तर २० मिनिटांचा ब्रेक २० मिनिटांत संपणार नाही. साइट व्हिजिटला गेलात की दारं मोजा.

आभाळमाया२

दारावरचा, हे कुणीच आजवर समजावलं नव्हतं. खूप आभार.

अजून एक विचारते. शोच्या दिवशी मी स्वतः कुठलं काम घ्यावं? आत्तापर्यंत वक्त्यांचं स्वागत मी स्वतःकडे ठेवत होते.

विंगेतून

कुठलंच नाही. हे मी फार गांभीर्याने लिहितोय. मुख्य नियोजकाच्या नावापुढे त्या दिवशी एकही काम नको. जे अनपेक्षित येईल ते तुमच्याकडेच येणार आहे, आणि तेव्हा तुम्ही दारात कुणाची वाट पाहत उभ्या असाल तर ते दुसऱ्या कुणाकडे तरी जाईल, ज्याला संपूर्ण चित्र माहीत नाही. वक्त्यांच्या स्वागताला एक माणूस नेमा, त्याला वक्त्यांचे फोटो आणि येण्याच्या वेळा द्या.

दारं उघडण्याआधी मात्र एक फेरी स्वतः मारा, हातात छापील चेकलिस्ट घेऊन. आठवण कितीही चांगली असली तरी. ३० ऑक्टोबर १९३५ ला बोइंगचं मॉडेल २९९ विमान चाचणीत कोसळलं ते जमिनीवर शेपटाचे भाग बांधून ठेवणारे लॉक उड्डाणाआधी काढायचे राहून गेले म्हणून, आणि चालवणारे अतिशय अनुभवी होते. वैमानिकांची चेकलिस्ट त्यानंतर रुळली. आमच्या चेकलिस्टवरही सगळ्या बाळबोध गोष्टी आहेत: लॅपटॉपचा स्लीप मोड बंद, नोटिफिकेशन बंद, क्लिकरमध्ये नवी बॅटरी, सादरीकरण १६:९ (रुंद स्क्रीनच्या मापात) मध्ये उघडून शेवटच्या स्लाइडपर्यंत पाहिलंय, व्हिडिओचा आवाज हॉलच्या साउंडमधूनच येतोय.

आणि झोपा. १७ तास सलग जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरते, हे १९९७ च्या अभ्यासात दाखवलं गेलं आहे. लोड-इनला रात्रभर जागलेला माणूस सकाळी शोचे निर्णय घेण्याच्या अवस्थेत नसतो. रात्रीच्या सेटअपला वेगळा माणूस ठेवा, त्याच्याकडून पहाटे लेखी हवाला घ्या: काय झालं, काय राहिलं, कुणाला सांगितलंय. बजेटमध्ये हा माणूस पहिल्या दिवसापासून धरा, नाहीतर तो शेवटी कापला जातो.

रेघोटी

शो संपल्यानंतरच्या वेळेबद्दल थोडं. लोड-आउट (सामान हॉलबाहेर काढणं) झालं की सगळे पांगतात आणि पुढच्या कामाला लागतात. पण पुढच्या कार्यक्रमाचे अंदाज नेमके इथेच सुधारतात. क्यू शीटच्या प्रतीवर प्रत्यक्ष वेळा लिहून ठेवायला एकाला सांगा. ठरलेली वेळ डावीकडे, खरी उजवीकडे. दोन दिवसांच्या आत, आठवणी ताज्या असताना, तासभर बसून त्यातल्या मोठ्या तफावतींची कारणं लिहायची. निर्णयांच्या शीटवरही तेच: कुठला होकार किती दिवस उशिरा आला, कुणाकडे थांबला होता.

त्याच क्लायंटचा पुढचा कार्यक्रम आला की अंदाज बांधायची गरज उरत नाही. 'लीगलला मागच्या वेळी आठ दिवस लागले' हे कागदावर असतं, तेवढेच धरायचे.

आभाळमाया२

सगळ्यांचे मनापासून आभार. निर्णयांची शीट करायला घेतली आहे. चौथ्या रकान्यात एके ठिकाणी अडले. प्रमुख पाहुणे कोण हे क्लायंटने अजून ठरवलेलं नाही. तिथे 'उत्तर आलं नाही तर' काय लिहायचं? मी माझ्या मनाने प्रमुख पाहुणा तर ठरवू शकत नाही.

निळी_शाई

बरोबर, काही निर्णयांना आपण पर्याय धरून पुढे जाऊ शकत नाही. तिथे चौथ्या रकान्यात त्या निर्णयावर अडलेली कामं लिहा आणि ती त्याच्यापासून सोडवा. प्रमुख पाहुण्याचं नाव निमंत्रणावर, बॅकड्रॉपवर, क्यू शीटवर, सुरक्षेच्या यादीत आणि हॉटेलच्या खोलीवर लागतं. निमंत्रण नाव न घालता काढता येतं का, क्लायंटला विचारा. बॅकड्रॉपवर नाव न घालता ते स्क्रीनवर दाखवा, म्हणजे छपाई मोकळी झाली. क्यू शीटमध्ये 'प्रमुख पाहुणे, १२ मिनिटं' एवढं पुरतं. खोली कंपनीच्या नावाने धरून ठेवा आणि नाव बदलायची शेवटची तारीख हॉटेलकडून लेखी घ्या.

आता फक्त सुरक्षेची यादी उरते. तिची शेवटची तारीख व्हेन्यूला विचारा. तीच तुमच्या क्लायंटची खरी शेवटची तारीख, आणि ती एकटी असल्यामुळे ठामपणे सांगता येईल.